उभ्या गाडीचं भाडं

स्वतःच्या घरासमोर स्वतःची स्कूटर उभी केली म्हणून स्वतःलाच भाडं लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सुखदेव देवगडे.

चंद्रपुरात जटपुरा गेटातून आत या, थोडं पुढं भांड्यांचं माझं दुकान लागतं. त्याच्या बाजूनं एक गल्ली आत वळते. त्या गल्लीत उजव्या हाताला सुखदेवभाऊंचं घर. दाराच्या चौकटीला तुपाचा एक जुना डबा टांगलेला. स्कूटर स्टँडवर चढली की सुखदेवभाऊ खिशात हात घालायचे आणि डब्यात नाणं टाकायचे. सकाळी एक, संध्याकाळी दोन. संध्याकाळी दोन कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मे महिन्यात मी त्यांच्याकडे घोंगडी मागितली होती.

"संध्याकाळी लोड राह्यते ना जी," ते म्हणाले. "लोड वाढला का दर वाढला पाह्यजे. नाई तं सगळेच एकाच टायमाले येऊन धसतात."

सगळी नोकरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेलेली. निवृत्त होऊन आमच्या गल्लीत राहायला आले, पण वीज काही डोक्यातून गेली नाही. त्यांच्या मते रस्त्यावरची जागा आणि वीज एकच. दोन्ही साठवून ठेवता येत नाहीत, दोन्ही फुकट दिल्या की लोक उधळतात. डब्यात जमलेले पैसे ते गल्ली झाडणाऱ्या बायांना चहाला द्यायचे. भाडं रस्त्याचं आहे तर ते रस्त्याच्याच माणसांना गेलं पाहिजे, असा हिशेब.

आता सांगूनच टाकतो. मला या माणसाचा हेवा वाटतो. आधी थोडा वाटायचा, मग जास्त वाटायला लागला.

कारण ट्रॅफिक हा माझा विषय होता. मी आमच्या रस्त्यावरच्या व्यापारी मंडळाचा सचिव. जुनं चंद्रपूर परकोटाच्या आत वसलेलं. गोंड राजानं भिंत बांधून चार दरवाजे ठेवले, आणि त्या दरवाजांतून आज अर्धा जिल्हा आत येतो नि बाहेर जातो. लग्नसराईत संध्याकाळी गेटाखाली ऑटो, मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि मधोमध रवंथ करणारी गाय, सगळे एकमेकांत अडकून हॉर्न वाजवत बसतात. गाय तेवढी वाजवत नाही. या विषयावर मी कितीतरी वर्षं साहेब लोकांना निवेदनं दिली. प्रत्येकाला हार घातला. हार त्यांनी टेबलावर ठेवले, निवेदनं कुठं ठेवली ते मला ठाऊक नाही.

आणि हे सुखदेवभाऊ चहाच्या टपरीवर बसून नुसतं बोलायचे, तर लोक ते पाठ करायचे. एकदा गेटाखाली सगळं तुंबलं असताना कोणीतरी राजाला शिव्या दिल्या, की एवढुसा दरवाजा ठेवला. सुखदेवभाऊ म्हणाले, "राजानं हत्तीसाठी ठेवला जी. हत्ती आला का जाये. इथी उभा राहून पानठेल्यावर गप्पा नाई मारल्या त्यानं." झालं. आठवडाभर ऑटोवाले हेच सांगत फिरत होते.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य मात्र वेगळंच. "चालते तंवर गाडी, थांबली का सामान. सामान आपापल्या घरी ठेवा." हे पानठेल्यावर पोचलं, सलूनमध्ये पोचलं आणि शेवटी माझ्या घरी पोचलं. रविवारी जेवून मी दिवाणावर पडलो होतो, तर माझी बायको मंदा झाडू घेऊन आली आणि म्हणाली, चालते तंवर माणूस, आडवा झाला का सामान. मी उठलो. दुपारभर खपून मीही एक वाक्य तयार केलं: वाहतूक ही शहराची नाडी आहे. मंदानं ते ऐकून घेतलं आणि हे आपल्या पोरीच्या शाळेच्या पुस्तकात होतं ना, असं विचारलं.

त्यांचा पाय कधीतरी घसरेल, याची मी वाट पाहत होतो. एकदा वाटलं, घसरला. त्यांची मुलगी ब्रम्हपुरीला दिलेली. तिचे सासरे मोठी चारचाकी घेऊन पहिल्यांदा घरी आले. मी मुद्दाम दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. व्याही गाडीतून उतरले, आणि सुखदेवभाऊंनी पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी डबा पुढं केला. व्याह्यांनी डब्याकडे पाहिलं, सुखदेवभाऊंकडे पाहिलं आणि असे हसायला लागले, की त्यांना गाडीचं दार धरावं लागलं. नोट टाकली आणि दिवसभराचं घ्या म्हणाले. पुढं ही गोष्ट त्यांनी साऱ्या ब्रम्हपुरीला सांगितली. पुढच्या खेपेला ते बसनं आले, गेटापासून चालत आले, आणि दिसेल त्याला आपण चालत आल्याचं सांगत आले. मी माझ्या व्याह्यांना एकदा कमी साखरेचा चहा दिला होता, तर त्यांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं. आता सांगा, हेवा वाटणार नाही तर काय वाटेल?

मग ती मंडळाची बैठक झाली. धंदा मंदावला होता. गिऱ्हाईक परकोटाच्या बाहेर, नागपूर रोडवरच्या नव्या दुकानांत जात होतं, कारण तिथं गाडी लावायला ऐसपैस जागा. मी सचिव या नात्यानं बराच वेळ बोललो. उड्डाणपूल, रस्तारुंदी, सिग्नल, काही सोडलं नाही. सुखदेवभाऊ व्यापारी नाहीत. ते हॉलच्या नळावर पाणी प्यायला आले आणि दाराशी ऐकत उभे राहिले. माझं संपल्यावर त्यांनी बंडूभाऊंना विचारलं, की गिऱ्हाइकानं गाडी कुठं लावावी. बंडूभाऊ म्हणजे आमचे कापडवाले, गल्लीच्या तोंडावर त्यांचं दुकान. ते म्हणाले, दुकानासमोर.

"मंग आता दुकानासमोर कोनाची लागून हाय?"

सगळ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारसायकलींची ओळ होती, आणि त्या सगळ्या आमच्या होत्या. मालकांच्या, नोकरांच्या. शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत उभ्या. पहिली माझी, कारण सगळ्यात आधी दुकान मीच उघडतो. मग बंडूभाऊ हसले आणि सगळेच हसले. मीही हसलो, पण मला जरा उशीर झाला.

ही गोष्ट पालिकेत नव्यानं आलेल्या एका अधिकारी बाईंच्या कानावर गेली. मॅडमनी सुखदेवभाऊंना बोलावून घेतलं. त्यांनी तिथं जाऊन परकोटाच्या चारही दरवाजांवर संध्याकाळी आत येणाऱ्या गाडीला पैसे लावा, असं सुचवलं म्हणे. मॅडम हसल्या आणि आधी लहान गोष्टीपासून सुरू करू म्हणाल्या. दिवाळीपर्यंत प्रयोग करायचं ठरलं. रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचे, पट्ट्यांत मावतील तेवढ्याच गाड्या. पहिला अर्धा तास स्वस्त, पुढं दर चढत जाणार, संध्याकाळी आणखी चढणार. आमच्या गाड्या गेटाबाहेरच्या मैदानात. देखरेखीला एक समिती नेमली, तिच्यात सुखदेवभाऊ. समितीच्या पहिल्या दिवशी पेपरवाल्यानं फोटो काढला. मी अगदी शेजारी उभा होतो. फोटोत माझं कोपर आलं. मंदानं ते ओळखलं, एवढंच समाधान.

पहिला आठवडा भयंकर गेला. रिकामा रस्ता पाहायची आम्हाला सवयच नव्हती, कर्फ्यू लागल्यासारखं वाटायचं. लोक पैसे द्यायच्या नावानं गेटाबाहेरूनच परत फिरत होते. दुकानदार पायरीवर उभे राहून एकमेकांकडे पाहत होते. तोंडावर दिवाळी, उधारीनं भरलेला माल. एका दुपारी दहा-बारा जण तावातावानं सुखदेवभाऊंच्या दारात गेले. मी होतो, मागं होतो. बंडूभाऊंनी आवाज चढवून विचारलं, की नुकसान झालं तर कोण भरणार. सुखदेवभाऊ उंबऱ्यावर उभे होते, त्यांनी आपल्यामागं दार ओढून घेतलं होतं. हळू आवाजात म्हणाले, की दिवाळीपर्यंत थांबा, नाही जमलं तर मी स्वतः मॅडमना सांगेन, माझं चुकलं. आणि जरा हळू बोला, एवढी एक विनंती केली. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

पण मग गिऱ्हाईक यायला लागलं. मूल, सावली, गोंडपिपरी अशा गावांकडची माणसं. गाडी थेट दुकानासमोर लागते हे कळलं, तसे लोक यायचे, अर्ध्या तासाचं भाडं चढायच्या आत खरेदी उरकायचे आणि जायचे, की त्यांच्या जागी दुसरे. पूर्वी एकेक बाई गंज-पातेलं ठोकून ठोकून पाहायची, आता दोन गंज घेऊन निघायची. लग्नाच्या आंदणाची भांडी मी त्या हंगामात इतकी विकली, की गोदाम मोकळं झालं. गल्ला भरताना माणसाला इतकं वाईट वाटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. नोट दिसली की सुखदेवभाऊ आठवायचे.

दिवाळी झाली आणि प्रयोगाचं पुढं काय करायचं यासाठी बैठक ठरली. तिच्या आदल्या दिवशी बंडूभाऊ माझ्या दुकानात आले. त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा मालाचा टेम्पो पूर्वी दिवसभर गल्लीत, सुखदेवभाऊंच्या भिंतीला लागून उभा असायचा. नव्या नियमात गल्लीत काहीच उभं करता येत नव्हतं, सुखदेवभाऊंची स्कूटरसुद्धा. सकाळी माल उतरवा आणि निघा. आता गल्ली म्हणजे काही बाजारपेठ नव्हे, ती या नियमात आली कशी? बंडूभाऊंनी चौकशी केली होती. समितीत सुखदेवभाऊंनी सगळ्या गोष्टीत पडतं घेतलं होतं. दर कमी करा, करू. पट्टे वाढवा, वाढवू. फक्त गल्लीवर ते अडून बसले. ती मोकळीच पाहिजे, नाही तर मी समितीत नाही, इथपर्यंत गेले.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे एवढा सगळा खटाटोप स्वतःचं दार मोकळं करायला! हा माणूसही आपल्यासारखाच निघाला. बैठकीत हे बोलायचं मी ठरवलंच, पण त्याआधी त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं, म्हणजे नंतर त्यांनी शब्द फिरवायला नको. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुकान मंदावर सोपवलं आणि गल्लीत शिरलो.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. ते भेटायचे टपरीवर, नाही तर माझ्या पायरीवर. शांताबाई, त्यांच्या घरच्या, दूर जंगलभागात एटापल्लीकडे नर्स होत्या आणि आता आजारी असतात, एवढंच आम्हाला माहीत. दार उघडं होतं. मी आवाज देत आत गेलो.

खोली लहानशी. फळीवर बुद्धाची मूर्ती, खाली औषधं. रस्त्याकडच्या खिडकीला लागून पलंग, आणि पलंगावर उशांना टेकून शांताबाई बसलेल्या. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. केसांना तेल लावून वेणी घातलेली होती, पण वेणी वाकडी होती. पुरुषाच्या हातची, बघताक्षणी कळावं अशी. सुखदेवभाऊ स्टुलावर बसून पेरूच्या फोडी करत होते.

त्यांनी मला बसा म्हटलं. मी बसलो नाही, भांडायला आलेला माणूस बसत नाही. गल्लीचं विचारलं. विचारताना माझा आवाज आपोआप खाली आला होता.

त्यांनी लपवलं काहीच नाही. पेरू कापता कापता सांगत गेले. लग्न झालं तेव्हा ते ऊर्जानगरला, त्या एटापल्लीला. बदलीचे अर्ज दोघांनीही केले, ते काही जमलं नाही. सगळा संसार सुट्ट्यांमध्ये झाला. शांताबाई गावोगाव पायी फिरायच्या, नाले ओलांडून, जंगलातल्या वाटांनी. बाळंतपणं करायच्या, लहान लेकरांना सुया टोचायच्या. एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. सुट्टीत चंद्रपूरला आल्या तरी दिवसभर कोणाकडे ना कोणाकडे जात. निवृत्त झाल्यावर दोघं पहिल्यांदा एका घरात राहायला लागले, आणि वर्षाच्या आत त्यांना लकवा मारला. चालणं गेलं, बोलणंही बहुतेक गेलं.

"मंग पलंग खिडकीपाशी आनला," सुखदेवभाऊ म्हणाले. "म्हटलं, तिले जाता नाई येत तं जानारे-येनारे तरी दिसतीन. तं खिडकीत टेम्पो. सकाळपासून अंधार पडेतो निळी ताडपत्री. बंडूभाऊले म्हटलं, त्यायनं जरा पुढं घेतला. तं तिथी दुसऱ्याचा आला. त्याले म्हटलं, तं तिसरा. एक गाडी हटवली का दुसरी येते ना जी. म्हनून म्हटलं, आता पुरा रस्ताच मोकळा करा लागन."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी नळाचा वायसर बदलल्याचं सांगावं.

मी विचारलं, हे मॅडमना का नाही सांगितलं? त्यांनी एका दिवसात गल्ली मोकळी करून दिली असती.

"दिली असती. पन दया म्हनून. तिले थे नाई जमत. पूर्ण जिंदगी तिनं लोकायचं केलं, कोनाचं घेतलं नाई. नियम असला का उपकार नाई राहत कोनाचा."

तेवढ्यात शांताबाईंनी उजवा हात उचलला आणि माशी हाकलावी तसा हलवला. मला वाटलं पाणी पाहिजे असेल. मी इकडेतिकडे तांब्या शोधायला लागलो. त्यांनी पुन्हा हात हलवला, जरा जोरात.

"भाऊ, थोडं इकडं सरका," सुखदेवभाऊ हलकेच म्हणाले. "तिले दिसून नाई राह्यलं."

मी खिडकीसमोर उभा होतो.

सरकलो. बाहेर गल्लीत ऊन कललेलं होतं. सायकलवरून कोणी गेलं, एक म्हातारा काठी टेकत गेला. मग सीताफळांची टोपली घेतलेली एक बाई आली, आणि रोजचं असल्यासारखी खिडकीशी थांबून टोपली उतरवून शांताबाईंशी गोंडीत बोलायला लागली. मला एक अक्षर समजलं नाही. शांताबाईंनी मोठ्या कष्टानं एकच शब्द उच्चारला. तोही मला कळला नाही, पण ती बाई खळखळून हसली, आणि शांताबाईंचा अर्धा चेहरा हसला.

सुखदेवभाऊंनी एकदाही वळून खिडकीबाहेर पाहिलं नाही. ते स्टुलावर, रस्त्याकडे पाठ करून बसले होते आणि शांताबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. बाहेर कोण आलं, कोण गेलं, ते त्यांना तिथूनच कळत होतं. ज्या रस्त्यासाठी सगळ्या बाजाराच्या शिव्या खाल्ल्या, तो त्यांना पाहायचाच नव्हता. पेरूची एक फोड माझ्या हातावर ठेवायला तेवढी त्यांनी नजर काढली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत बंडूभाऊंनी गल्लीचा विषय काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हणालो, की गल्ली अरुंद आहे, माल सकाळी उतरतोच आहे, नियम आहे तसा राहू द्यावा. एवढंच बोलून बसलो. सचिव झाल्यापासून मी इतकं थोडं कधी बोललो नव्हतो, त्यामुळे लोकांना ते फार महत्त्वाचं वाटलं आणि त्यांनी मान्य केलं. बंडूभाऊंनी बाहेर आल्यावर विचारलं, की तुम्ही सुखदेवचे माणूस केव्हापासून झाले. मी चपला शोधत राहिलो. मोठ्या रस्त्यावर अजून भाड्यावरून रोज भांडणं होतात, पट्टे पुसट झालेत, पण गल्ली मोकळी आहे.

हेवा गेला, असं मात्र कोणी समजू नये. पूर्वी मी तो टपरीवर दोघा-चौघांत बोलून हलका तरी करायचो. सुखदेवभाऊंनी असं केलं, तसं केलं, स्वतःला काय समजतात. आताचा हेवा कोणाला सांगता येत नाही. टपरीवर ते समोर बसलेले असतात, उन्हाळ्यातल्या लोडवर काहीतरी सांगत असतात, लोक ऐकत असतात, आणि मी आणखी एक चहा सांगतो.

परवा दुपारी मंदा डबा घेऊन दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ती समोर बसून रस्त्यावरची ये-जा पाहत होती, आणि मी रस्त्याकडे पाठ केली आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. थोडा वेळ तिनं सहन केलं.

"काऊन पाहून राह्यले?"

"काही नाई."

"काही लागलं हाय का मले?" असं म्हणत तिनं पदरानं गाल पुसला, मग दुसरा पुसला, आणि डबा उघडून माझ्यापुढं सरकवला.